हुकूम कोणाचा?

सोमाजी दवंडीवाल्याच्या हाती कागद दिला की तो आधी गळ्यातलं डफडं काढून खाली ठेवायचा. वाचता त्याला येत नव्हतं. कागदावर काय लिहिलंय हेही तो पहिल्यांदा विचारत नसे. तो विचारायचा, "हुकूम कोनाचा?" नाव कळल्याशिवाय डफड्याला काडी लागत नसे, मग समोर तहसीलदार उभा असो नाहीतर तहसीलदाराचा बाप.

आमचं गाव रेल्वेच्या कडेला, भाताच्या गिरण्यांवर वाढलेलं. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडायचा. गोंदिया जिल्हा पुष्कळ नंतर झाला. गावाला म्युनिसिपल कमिटी मिळाली होती, मी तिचा कारकून होतो आणि सोमाजी तिचा दवंडीवाला. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर त्या वेळच्या मेंबरांची नातवंडं माझ्या दारात येतील, आणि आज्याचे गुण सांगत बसतील. ते ऐकायची माझी आता तयारी नाही.

त्याची दवंडी ठरलेल्या घाटाची असे. तीनदा डफडं, मग "ऐका हो ऐका", मग मजकूर, आणि शेवटी "हुकूम अमक्याचा हो!" हे शेवटचं तो सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा. त्याच्या बापानं त्याला तसंच शिकवलं होतं. "बिननावाची दवंडी अन् बिनवेसनीचा बैल सारखाच," तो म्हणायचा. "कोनाच्या आंगावर जाईल, नेम नाही. अन् लोकं मारतात कोनाले? वाजवनाऱ्याले."

एकदा स्टेशनमास्तरांनी रुळाच्या कडेला गुरं चारायची मनाई करवली. हुकूम कोणाचा म्हटल्यावर ते म्हणाले, "सरकारचा." सोमाजीनं डफडं उचललंच नाही. "सरकार त लय मोठं हाये जी. त्यातला कोन?" मास्तर चिडले, लाल झाले, शेवटी म्हणाले, "माझा म्हण, जा!" सोमाजीनं साऱ्या गावात मास्तरांचं नाव गाजवलं. पुढे पंधरा दिवस गुराखी आपापल्या म्हशी घेऊन मास्तरांच्या क्वार्टरसमोर उभे. "मंग चारू कोठं, ते बी सांगा." सोळाव्या दिवशी मास्तरांनी रुळापलीकडचा एक पट्टा मोकळा करून दिला. नाव लागलं की माणूस विचार करतो, एवढंच सोमाजीचं शास्त्र होतं. एवढं साधं शास्त्र आमच्या कमिटीला जन्मात समजलं नाही. खोटं कशाला बोलू, समजलं होतं. म्हणून तर ते नावं देत नव्हते.

कचेरीला पाच पायऱ्या होत्या. सोमाजीच्या वस्तीतल्या माणसानं त्या चढायच्या नाहीत. कागद वरून सोडायचा, त्यानं खाली झेलायचा. मीही वरूनच सोडत असे. एकदा वाऱ्यानं कागद चिखलात पडला, तर मी निर्लज्जासारखा त्यालाच रागावलो. त्यानं कागद उचलला, धोतराला पुसला आणि विचारलं, "बाबूजी, म्या पायरी नाही चढाची, हा हुकूम कोनाचा?"

"रीतच आहे तशी," मी म्हणालो.

"रीत कोन्त्या वार्डाची मेंबर हाये?"

मी हसण्यावारी नेलं. दुसरं काय करणार होतो! त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

वर्षातून एक दवंडी मात्र अशी होती की तिचा कागद कचेरीतून निघत नसे. ती मंडईची. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की आमच्याकडे गावोगाव पाळीपाळीनं मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, शिंगाड्यांचे ढीग पडतात, गोवारी ढाली घेऊन नाचत येतात आणि रातभर दंडार, म्हणजे आमच्याकडचं सोंगांचं नाटक, चालते. आमची मंडई तलावाच्या पाळीखालच्या पटांगणात भरायची. सौंदडपासून, आमगावपासून, दवनीवाड्यापासून लोक यायचे. तिची दवंडी सोमाजी आपल्या मनानं द्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "हुकूम गावाचा हो!" त्या दिवशी त्याच्या डोक्याला नवं धडपं बांधलेलं असे आणि वाजवता वाजवता तो नाचतही असे. "सालभर दुसऱ्याचं बोलतो बाबूजी," तो मला म्हणाला होता. "हा एक दिस माहा." दंडारीत तो राजा व्हायचा. ज्याला पाच पायऱ्या चढायची मनाई, तो पटांगणात सिंहासनावर बसायचा आणि सगळं गाव खाली बसून त्याच्याकडे बघायचं.

हे ज्यांच्या डोळ्यांत खुपलं ते तिघे होते. एक आमचे अध्यक्ष, ते वकील. दुसरे डॉक्टर. तिसरे भाताच्या गिरणीचे सेठ. तिघेही संध्याकाळी पांढरी पाटलोण चढवून डॉक्टरांच्या आवारात चेंडू बडवायचे, आणि ते आवार त्यांना अपुरं पडू लागलं होतं. अध्यक्षांनी एक युक्ती काढली. गावानं कुठं खेळावं, काय पाहावं, कधी नाचावं हे ठरवायला त्यांनी 'करमणूक पोटकमिटी' नेमली. तिच्यात मेंबर किती? तीन. कोण? तेच तीन! ज्यांनी उभ्या जन्मात मंडईत पाय ठेवला नाही ते मंडईचे धनी झाले. कुंपणानंच शेत खावं, तसा प्रकार. आणि इथं कुंपण खरोखरचंच होतं. पटांगणाला तार लावायची, आत टेनिस आणि क्लब, मंडई बंद.

ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो तलाव खोदला आणि पाळीखालची जागा मंडईसाठी सोडली, त्या घरचे म्हातारे पटेल कमिटीत मेंबर होते. त्यांनी सभेत विचारलं, "हे कमेटीनं कवा ठरवलं जी?"

अध्यक्ष म्हणाले, "हा कमिटीचा विषयच नाही. पोटकमिटीचा आहे."

"मंग पोटकमेटी पोटात काय ठेवते ते आमाले सांगाल का नाही?"

सगळे हसले आणि पुढचा विषय सुरू झाला. मी प्रोसिडिंग लिहीत होतो. पोटकमिटीचा ठराव माझ्याच समोर झाला होता. मांडला अध्यक्षांनी, मान डोलावली बाकी दोघांनी. सूचकाचं नाव लिहायला मी टाक बुडवला, तर अध्यक्ष म्हणाले, "नावं राहू द्या, गणपतबाबू. लोक अडाणी असतात. उगाच एखाद्याच्या दारात येतील." मी ती जागा कोरी सोडली. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. हे कारण आहे, सबब नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सोमाजी पायऱ्यांखाली आला. मी कागद वाचून दाखवला. यंदापासून पटांगणावर मंडई, दंडार, झुले, दुकानं यांना मनाई. मग त्यानं डफडं खाली ठेवलं.

"हुकूम कोनाचा?"

"कमिटीचा."

"पटेल त म्हनते, कमेटीले मालूमच नाही."

आमचं बोलणं ऐकून अध्यक्ष बाहेर आले. म्हणाले, "पोटकमिटीचा आहे. जा, वाजव." डॉक्टर आतच बसले होते. सोमाजीनं खालूनच त्यांना हाक मारून विचारलं, "डाक्तरसायब, तुमी म्हनलं का?" डॉक्टरांनी कानावर हात ठेवले. "मी कशाला म्हणू? मला अध्यक्षांनी सांगितलं." अध्यक्ष म्हणाले, "मी एकटा कोण ठरवणार?" सेठ पान चघळत होते. ते म्हणाले, "अरे भाई, हमको क्या मालूम? हम तो बस बैठे थे." तीन मोठी माणसं, गावाचे आधारस्तंभ म्हणवणारी, आणि एका दवंडीवाल्याच्या एका प्रश्नापुढे तिघांनी शेपूट घातलं.

मग सोमाजी माझ्याकडे वळला. "बाबूजी, तुमी होते ना तेथं? तुमी लिवता ना सारं? सांगा, कोन म्हनलं?"

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

सोमाजीनं डफडं गळ्यात घातलं आणि तो बाजाराकडे गेला. मी त्याच्या मागं गेलो. का गेलो कुणास ठाऊक. भरल्या बाजारात त्यानं तीनदा वाजवलं.

"ऐका हो ऐका! औंदापासून पटांगनात मंडई भरनार नाही हो! तेथं तार लागनार हो! हुकूम कोनाचा, ते कोनी सांगून नाही राहिले हो! अध्यक्षाले पुसलं, नाही म्हनते हो! डाक्तराले पुसलं, नाही म्हनते हो! सेठ नुसतेच बसले होते हो! गनपतबाबूनं लिवलं, गनपतबाबूले मालूम नाही हो!"

आधी बाजार हसला. मग हसणं थांबलं आणि लोक माझ्याकडे बघू लागले. शिंगाडे विकणारी एक म्हातारी मला म्हणाली, "काऊन रे बाबू, लिवनाऱ्याले मालूम नसते का?" मी तोंड चुकवून घरी गेलो.

तार लागलीच. गावानं अर्ज केले, पटेलांनी सभेत आरडाओरडा केला, काही झालं नाही. सोमाजीला मात्र आठ दिवसांत काढून टाकलं. "कमिटीची बदनामी केली" म्हणून. त्या ठरावाला सूचकाचं नाव होतं, अनुमोदकाचंही होतं! गरिबाला काढायचं म्हटलं की नावं द्यायला कुणाला भीती वाटत नाही. तो ठराव मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिला. आणि डफडं कमिटीच्या मालकीचं म्हणून काढून घेतलं. आणायला मला पाठवलं. त्यानं ते माझ्या हातात दिलं नाही. जमिनीवर ठेवलं, म्हणाला, "उचला."

पटेलांनी आपलं कापणी झालेलं शेत दिलं आणि मंडई तिथं, धसकटांत भरली. सोमाजीनं रॉकेलचा रिकामा डबा गळ्यात बांधला आणि गावभर बडवत फिरला. "मंडई बुधवारी हो! हुकूम गावाचा हो!" त्याला कमिटीनं नोटीस दिली, शिपाई पाठवला. तो शिपायालाच विचारायचा, "तुले कोनं धाडलं? नाव सांग." दरवर्षी तो तसाच फिरला. मोलमजुरी करायचा, पेंढ्या बांधायचा, आणि दिवाळीनंतर डबा गळ्यात घालायचा. मंडई मात्र लहान होत गेली. धसकटांत नाचणार किती?

स्वातंत्र्य आलं तेव्हा झेंडा क्लबाच्या हिरवळीवर लागला, तारेच्या आत. खुर्च्या क्लबाच्या, निमंत्रणं क्लबाची. अध्यक्ष तेच, फक्त डोक्यावरची टोपी पांढरी झाली होती. गाव तारेला धरून बाहेर उभं होतं. सोमाजी त्यात होता, काठी टेकून. मी आत होतो. मी तोवर हेडक्लार्क झालो होतो.

त्या दिवाळीत तो आजारी असल्याचं कळलं आणि मी त्याच्याकडे गेलो. कमिटीनं न धाडता पहिल्यांदाच गेलो, इतक्या वर्षांत. मी दाराशी घुटमळलो तर आतून म्हणाला, "या बाबूजी. येथं पायऱ्या नाहीत." मी आत गेलो, त्याच्याजवळ खाली बसलो आणि सांगितलं. ठराव अध्यक्षांनी मांडला होता, नाव लिहू नका म्हणाले होते, मला सगळं माहीत होतं.

तो बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "मले का तवा मालूम नव्हतं? साऱ्या बाजाराले मालूम होतं. मले ते तुमच्या तोंडातून पायजे होतं. आता कायले सांगून राहिले, बाबूजी? दवंडी त त्या दिवसची होती."

मंडईच्या चार दिवस आधी तो गेला. नवा दवंडीवाला, एक पोरगाच, कचेरीपाशी आला, पायऱ्यांखाली उभा राहिला. "सोमाजी गेला जी. दवंडी देऊ का? लोकं पुसून राहिले, माती कवा म्हनून." अध्यक्ष आतून म्हणाले, "असल्या कामाला कमिटीचं डफडं नाही." पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी पाचही पायऱ्या उतरून खाली गेलो.

"दे दवंडी," मी म्हणालो. "हुकूम माझा म्हण. नाव घेऊन म्हण."

तो गेला. थोड्या वेळानं बाजाराकडून डफडं ऐकू आलं. तीनदा. मग सोमाजीचं नाव, मातीची वेळ, आणि शेवटी मोठ्यानं, "हुकूम गनपतबाबूचा हो!" अध्यक्ष दारात येऊन माझ्याकडे रोखून बघत होते. मला त्यांची भीती वाटली नाही. यात मोठेपणा काही नाही. मेलेल्या माणसासाठी हिंमत करायला काही लागत नाही. ती त्या बाजाराच्या दिवशी करायची होती.