बाबांच्या नावावरची ॲम्ब्युलन्स

फोनवरचा माणूस म्हणाला की तुमच्या वडिलांची ॲम्ब्युलन्स माझ्याकडे आहे, आणि मी फोन ठेवून दिला. हल्ली अशा फोनवर आधी ओळख काढतात, मग ओटीपी मागतात. त्यात माझी सगळी नोकरी ट्रेझरीत, पेन्शनरांचे हयातीचे दाखले तपासण्यात गेलेली. माणूस समोर उभा असला तरी तो जिवंत असल्याचा कागद मागायचा, ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

त्याने पुन्हा फोन केला. नागपुरातलाच दातांचा डॉक्टर होता, जुन्या गाड्यांचा शौकीन. गाडी विंटेज म्हणून नोंदवायची होती, पण आरसी बुकावर अजून माझ्या वडिलांचंच नाव होतं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी एकुलती एक, तेव्हा वारस म्हणून माझी सही हवी होती. एकदा येऊन पाहा तर खरं, म्हणाला. मी गेले ते त्याचा खोटेपणा पकडायला.

शेडमध्ये गाडी उभी होती. पुढे लांब नाक, मागे दोन दारं, आणि उडालेल्या रंगाखालून डोकावणारा लाल क्रॉस. मी ती लगेच ओळखली. मनात पाल चुकचुकली, पण डॉक्टरबद्दल नव्हे, बाबांबद्दल. ही गाडी भंगारात गेली, तोडून टाकली, असं त्यांनी मला चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

आम्ही तेव्हा कन्हानला राहायचो. एका दवाखान्याने लिलावात काढलेली ही गाडी आमच्या वस्तीने, म्हणजे विहाराच्या समितीने, घेतली. समितीची कुठे नोंदणी नव्हती, म्हणून गाडी बाबांच्या नावावर केली. ते खाणीत ट्रक चालवायचे, लायसन्स त्यांच्याकडेच होतं. आमच्याकडे बऱ्याच गोष्टी अशाच कुणा एकाच्या नावावर घेतल्या जात, आणि मग वस्ती जन्मभर त्या माणसाच्या हाताकडे पाहत राही. नियम एकच होता. गाडी फक्त पेशंटसाठी, आणि पेशंटकडून काही घ्यायचं नाही.

कॉलेजात असताना एकदा मी ती गाडी इतवारीत पाहिली. भांड्यांच्या गल्लीत, हातठेल्यांच्या गर्दीत ती उभी. मागची दोन्ही दारं उघडी, स्ट्रेचरच्या जागी कढया आणि बादल्या, आणि बाबा स्वतः दोर आवळत होते. मी हाक मारली नाही. संध्याकाळी ते जेवायला बसल्यावर विचारलं, "बाबा, लोकायची गाडी भाड्यानं फिरवून राहिले का तुमी?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून हात धुतले. बोलले काहीच नाहीत. न बोलणं म्हणजे कबुली, असं मी धरून चालले. पंधरा दिवसांनी म्हणाले, गाडी भंगारात गेली. त्याच पावसाळ्यात शेजारची बाळंतीण कोळशाच्या ट्रकमधून कामठीला न्यावी लागली. बाळ वाचलं नाही. गाडी असती तर, असं सगळी वस्ती हळहळली, आणि मी बाबांकडे रोखून पाहिलं.

तेव्हापासून माझा त्यांच्यावर पुरता विश्वास असा बसलाच नाही. म्हातारपणी ते बाजारातून आले की मी पिशवी उलटी करून पाहायची. ते मुकाट्याने शेजारी उभे राहायचे.

डॉक्टरकडे आरसी बुकासोबत ट्रान्सफरचा फॉर्मही होता. विकणाऱ्याच्या जागी बाबांची सही, घेणाऱ्याची जागा कोरी. तेव्हा सर्रास असंच चालायचं. सही केलेला कोरा फॉर्म गाडीबरोबर या हातातून त्या हातात जायचा आणि कागदावर मालक पहिलाच राहायचा. सही बाबांचीच होती, सह्यांच्या बाबतीत मी चुकत नाही. म्हणजे वस्तीची गाडी त्यांनी परस्पर फुंकली होती, आणि आता मी सही केली तर त्यांच्या चोरीखाली माझंही नाव लागणार होतं. डॉक्टरला सांगितलं, गाडी कुठून कुठे गेली हे कळल्याशिवाय सही मिळणार नाही.

त्याने ती महालातल्या एका मंडपवाल्याकडून घेतली होती. मंडपवाला त्या गाडीत वर्षानुवर्षं गाद्या कोंबून ठेवायचा. मी इतके प्रश्न विचारले की त्याला वाटलं मी पोलिसांकडून आले. कुठेतरी पाणी मुरतंय असं मलाही वाटत होतं. शेवटी घाबरत घाबरत म्हणाला की गाडी इतवारीतल्या एका भांडेवाल्याकडून आली. गल्ली तीच होती.

भांडेवाले ऐंशीला टेकलेले. दुकान मुलगा पाहतो, हे गादीवर बसून फक्त लक्ष ठेवतात. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी माझं आधार कार्ड मागितलं आणि चष्मा पुसून नीट वाचलं. मला ते तिथेच आवडले.

मी सरळच विचारलं, माझ्या वडिलांनी गाडी तुम्हाला केवढ्याला विकली.

"विकली नाही बाई," ते म्हणाले. "दिली."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी खोटंच धरलं. वस्तीने गाडी घेतली, पण डिझेल कोण भरणार याचा विचार कुणी केलाच नव्हता. पेशंटला नागपूरला सोडलं की परतताना गाडी रिकामीच असायची. त्या रिकाम्या गाडीत बाबा या भांडेवाल्यांचा माल कामठी-कन्हानच्या दुकानांत पोचवायचे आणि हे टाकी भरून द्यायचे. नगद कधी घेतली नाही. समितीला हे ठाऊक होतं. गाडी दिली त्या दिवशी समितीची दोन माणसं सोबत होती; चालवणारा दुसरा कुणी नव्हता, आणि वस्तीत गाडी भंगारात गेली असंच सांगायचं ठरलं. बदल्यात यांनी विहाराला पंगतीचा भात शिजवायला दोन मोठे गंज दिले. त्यांवर देणारा म्हणून तुमचं नाव कोरू का, विचारलं तर बाबा नको म्हणाले, समितीचंच टाका. ते गंज मला माहीत होते. दर ऑक्टोबरात, दीक्षाभूमीला जाणाऱ्यांच्या पंगतीत मी त्यांतलाच भात वाढत आले होते.

साप साप म्हणून मी चाळीस वर्षं भुई धोपटत होते. लाज वाटली, आणि तरी जीभ गप्प बसेना. इतकं सगळं सरळ होतं तर दिली कशाला गाडी, मी विचारलं.

म्हाताऱ्यांनी चष्मा काढून गादीवर ठेवला. "मीही म्हटलं त्याले, काहून देतं गा, चांगली चालून राहिली. तर म्हणे, माह्या घरातच मले चोर म्हणून राहिले. मंग बाहेरच्याले कोणत्या तोंडानं सांगू? आता तिच्यात बसवत नाही मले." त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "घरातलं कोण, ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. तुमाले माहीत आहे का, कोण बोललं होतं?"

"नाही," मी म्हणाले. "मला नाही माहीत."

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांचा लगेच विश्वास बसला.