अध्यक्षांनी पाला घातलेली शेळी

आमच्या गावच्या मुंबई मंडळाला वस्तू देण्याची भारी हौस. देवळात एकाच भिंतीवर तीन घड्याळं, तिन्ही मंडळाची, तिन्हींवर मंडळाचं नाव, आणि तिन्हींची वेळ वेगळी. एका वर्षी घरटी स्टोव्ह वाटले. रॉकेल मिळेना, म्हणून बायकांनी ते फडताळात मांडून ठेवले आणि गणपतीत पुसून पुन्हा मांडले. त्यानंतर घोंगड्या. त्या एसटीच्या टपावर भिजल्या आणि गावात पोचेपर्यंत त्यांना असा वास सुटला की कुत्रीसुद्धा जवळ जाईनात.

मी मंडळाची चिटणीस. पद मोठं वाटतं, पण काम एवढंच की अक्षर बरं होतं. वय तेवीस, अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट, आणि तोंड जरा जास्तच चालायचं. बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी अध्यक्षांच्या खोलीत, घाटकोपरच्या डोंगरावर. पुरुष चटईवर, बायका आतल्या बाजूला चहा बघत, आणि मधल्या उंबऱ्यावर मी, वही घेऊन. घोंगड्यांचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, "काका, वस्तू पुरे झाल्या. गावात तीन घरं अगदीच नडलेली आहेत. त्यांना दर महिन्याला सरळ मनिऑर्डर करूया. काय लागतं ते त्यांचं त्यांना कळतं ना."

अध्यक्षांना ते मुळीच पटलं नाही. पूर्वी गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, आता भाजीचा गाळा, आणि आवाज अजून जॉबरचाच. "पैशान माणूस बिघडता," ते म्हणाले. त्यांचं खरं दुःख मला ठाऊक होतं. मनिऑर्डरवर मंडळाचं नाव कोरता येत नाही. पण घोंगड्या इतक्या ताज्या होत्या, म्हणजे त्यांचा वास, की बाकीच्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी अट घातली. तीन महिन्यांनी प्रत्येक घरानं पत्र लिहून पैशाचं काय केलं ते कळवायचं, पत्र बैठकीत वाचायचं, आणि पैसे उडवलेत असं दिसलं की मनिऑर्डर बंद.

त्या तीन घरांत एक काकी होती, सगळं गावच तिला काकी म्हणायचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, जमिनीचा तुकडा नाही. वीस वर्षं ती गावात अध्यक्षांच्याच घरी, त्यांच्या भावाकडे राबत होती. भात सडायचं, शेण काढायचं, भांडी घासायची, आणि त्याबदल्यात दोन वेळचं जेवण, वर्षाला एक जुनेर. रोख पैसा तिनं क्वचितच हातात धरला असेल.

तीन महिन्यांनी पत्रं आली. पहिल्या घरानं छप्पर शाकारलं. छान. दुसऱ्यानं मुलीला दवाखान्यात नेलं. छान. मग मी काकीचं पत्र उघडलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं मोठं. "पैसे पावले," एवढं मी मोठ्यानं वाचलं आणि माझी नजर खाली गेली.

खाली लिहिलं होतं: "मी अध्यक्षांच्या घरचं काम सोडलं. मीठ, तेल, तांदूळ माझं मी आणते. आता उजाडलं तरी उठत नाही. उठले की चहा करते आणि पायरीवर बसते. वहिनी दोनदा बोलवायला आली. मी म्हटलं, बघू."

मला आतून असं हसू फुटलं की काय सांगू. पण अध्यक्ष समोर बसलेले, कान टवकारून. त्यांच्या वहिनीनं त्यांना आधीच कळवलं होतं की बाई माजली आहे. हे वाचलं की काकीची मनिऑर्डर त्याच मिनिटाला बंद, आणि काकी पुन्हा त्याच गोठ्यात.

"शेळी घेतली," मी वाचलं.

शेळीच का, ते मला आजही सांगता येत नाही. एकदा सुरुवात झाल्यावर मी थांबलेही नाही. शेळी तांबूस आहे, गाभण आहे, दूध शेजारच्या पोरांना देणार आहे. माझे बाबा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. गिरणी सुटल्यापासून ते मुलुंडला वॉचमन होते, रात्रपाळी करून आलेले. मला वाटलं ते झोपलेत. अध्यक्ष मात्र खूश झाले. "हेका म्हणतत पैशाचा चीज," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "गणपतीक जातंय, तेवा बघून येतंय."

माझी वाट लागली. दुसऱ्याच दिवशी मी काकीला अंतर्देशीय पत्र टाकलं: काहीही कर, पण गणपतीत दारात एक शेळी बांध. तांबूस.

अध्यक्ष गावाहून आले ते तरंगतच. बैठकीत पंधरा मिनिटं शेळीपुराण. काय ती अंगानं, काय ते डोळे. स्वतः फणसाचा पाला घातला म्हणे हातानं, आणि निघाले तर शेळी दावं ओढत मागे यायला लागली. मुक्या जिवाला दाता कळतो, असं त्यांचं म्हणणं. आणि मग त्यांनी ठराव मांडला. मनिऑर्डर बंद. त्याऐवजी प्रत्येक नडलेल्या घराला एक शेळी, गळ्यात पितळी घंटा, घंटेवर मंडळाचं नाव. काकीकडे शेळी आहेच, तेव्हा तिला काही द्यायची गरज नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकीला गोठ्यापासून वाचवायला मी शेळी काढली आणि त्याच शेळीनं तिचे पैसे खाल्ले. पिशवीत काकीची दोन्ही पत्रं होती, जुनं आणि कालच आलेलं नवं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "मी खोटं बोलले. काकीनं शेळी घेतलीच नाही." आणि पहिलं पत्र अथपासून इतिपर्यंत वाचलं.

एका म्हाताऱ्या सभासदानं विचारलं, "मगे शेळी कोणाची?"

मी दुसरं पत्र वाचलं. "शेळी अध्यक्षांच्याच गोठ्यातली. वहिनी बाजारात गेली होती, तेवढ्यात तिच्या मुलीनं सोडून आणून दिली. अध्यक्षांनी स्वतःच्याच शेळीला स्वतःच्याच फणसाचा पाला घातला. ती त्यांच्यामागे घरी जायला निघाली होती, मी दावं घट्ट धरलं म्हणून बरं."

आतल्या बायका आधी हसल्या. मग चटईवरचे. अध्यक्षांची बायको तर पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. अध्यक्ष लालबुंद झाले, पण जॉबर तो जॉबर, गप्प बसेल कसा.

"हसा," ते म्हणाले. "पण एक सांगा. ती बाय पायरेर बसतली आणि आमी हंयसून पैसे धाडूचे? काम सोडून बसणाऱ्या माणसाक?"

हसणं थांबलं. दोघातिघांनी मान हलवली. बरोबर आहे, फुकट कोणाला पोसायचं. मी मान खाली घालून ते वहीत उतरवू लागले.

तेव्हा कोपऱ्यातून बाबा बोलले. डोळे मिटलेलेच होते. "गिरणीचो संप होतो तेवा आपण काय करत होतंव रे?"

चटईवरचे निम्मे पुरुष त्याच संपात गिरणीतून बाहेर पडलेले, अध्यक्षही.

"दीड वरस आपण कामार गेलंव नाय," बाबा म्हणाले. "पगार पुरत नाय म्हणान. तुझ्या घराकडसून तांदळाची पोती येयत. तू आमकाय दिलंस, आमी खाल्लंव, म्हणान जगलंव. आपणाक कोणी आळशी म्हटल्यान नाय." मग त्यांनी डोळे उघडले. "ते तांदूळ सडल्यान कोणी?"

तांदूळ कोणी सडले ते सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांनी चटईची एक काडी उपटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या महिन्याचे मनिऑर्डरचे फॉर्म भर. तिघांचेय."

घरी जाताना मी आणि बाबा डोंगराच्या पायऱ्या उतरत होतो. त्यांना रात्रीच्या पाळीला जायचं होतं, म्हणून ते भरभर चालत होते. मला वाटलं, आता शेळीवरून बोलणी बसणार. ते एवढंच म्हणाले, "पुढल्या खेपेक काकीचा पत्र इला की जसा आसा तसा वाच."

मी हो म्हटलं, पण मला रडू आलं. ह्या पुरुषांना खरं झेपणार नाही, हे मी आपलं ठरवूनच टाकलं होतं. माझ्याच घरात एक माणूस ते दीड वर्ष जगला होता, आणि मी त्याला त्याबद्दल एका शब्दानं कधी विचारलं नव्हतं.