पत्र्याच्या दारावरचा पहिला नंबर

अमेरिकेतला सगळ्यात मोठा रॉक बँड कोणता, याचा निकाल पुसदमध्ये लागतो. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या दिराचं दुकान आहे, तिथे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मी ऐकून घेणार नाही.

दुकान आधी कॅसेटचं होतं, मग सीडीचं झालं, आता मोबाईल दुरुस्तीचं आहे. अर्ध्या भागात माझी पायाची शिलाई मशीन. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. नवरा फुलसावंगीकडे कपाशी आणि तुरीत, आणि मी इथे. वहिनी बसली तर दुकानावर लक्ष राहील, असं घरात ठरलं होतं. माझ्या कानांनी काय करायचं, ते मात्र कोणीच ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी दोन माणसं ठरलेली. एक इंग्रजीचे सर, आता रिटायर झालेले. दुसरे एक कंपाउंडर. सरांचा मेहुणा अमेरिकेत नोकरीला होता. त्यानं एकदा ट्रंक भरून कॅसेट पाठवल्या, सगळ्या घरी कॉपी केलेल्या, कव्हर एकालाही नाही. सोबत एक लांबलचक पत्र होतं, कोणती कॅसेट कोणाची ते सांगणारं. कोण कुठले, कसे दिसतात, काय घालतात, ते सर त्यातून वाचून दाखवायचे, पण पत्र त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. आम्ही ट्रंकेवर विश्वास ठेवला. अमेरिकेहून आलं ते अमेरिकेचं, यात शंका कसली घ्यायची? नागपूरहून आलेली सगळी संत्री कोणी नागपूरचीच धरतं, तसं झालं.

बँडांची खरी नावं मी इथे लिहिणार नाही. सरांनी ती वाचून दाखवली होती, पण आमच्या दुकानात ती कधी चाललीच नाहीत. तिथे आमची नावं चालायची. ज्यांच्या गाण्यात पेटीसारखं काहीतरी सारखं घुमायचं ते पेटीवाले. तोंडं रंगवून नाचणारे ते बहुरूपी. ज्यांच्या गिटारी जिनिंगच्या मशीनसारख्या सुटायच्या ते गिरणीवाले. नव्वदच्या दशकातले, गळा काढून रडल्यासारखे गाणारे ते फाटक्या स्वेटरवाले. आणि सरांचे लाडके हत्तीवाले. ढोल असा पडायचा की कपाटाच्या काचा हलायच्या.

भांडणं काय सांगू! सर म्हणायचे, साठ आणि सत्तरच्या दशकात जे व्हायचं ते होऊन गेलं, नंतरचे सगळे उष्ट्यावर जगले. भाऊजी उसळायचे.

"सर, तुमची ज्वारी चांगली होती हो, कोण नाही म्हणते? पण सोयाबीन आलंच ना! आज मार्केटात काय विकून राह्यलं?"

"तू पोट भरायचं बोलतोस, मी चवीचं बोलतो."

मग कंपाउंडर ऐंशीच्या दशकाची बाजू घेऊन गिरणीवाल्यांची कॅसेट लावायचे आणि कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू यायचं नाही. त्यांना तेच पाहिजे असायचं.

दुकानाला पत्र्याचं दोन पल्ल्यांचं दार आहे. उजव्या पल्ल्याच्या आतल्या बाजूला अमेरिकेतल्या पाच मोठ्या बँडांची यादी, लाल ऑइल पेंटनं. दार उघडलं की पल्ला भिंतीला टेकतो आणि यादी रस्त्याला दिसते. बाजाराला आलेला माणूस बियाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन वाचत उभा राहतो आणि विचारतो, "हे कोणत्या वरातीचे बँडवाले हो?"

यादी बदलायचा दिवस एकच, पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी, गावातली पीडा मारबतीनं घेऊन जावी म्हणून, गावभर पोरं ओरडत जातात, "खोकला, खाज, ढेकूण, मच्छर घेऊन जाय गे मारबत!" त्याच सकाळी आमच्या तीन पंचांनी, म्हणजे सर, कंपाउंडर आणि भाऊजींनी बसायचं, दोन मतं जिकडे पडली तो निकाल. एक बँड काढायचा, त्याचं नाव ब्लेडनं खरवडायचं आणि दारातून ओरडायचं, "बहुरूप्यायले घेऊन जाय गे मारबत!" रिकाम्या जागी नवा लिहायचा. नियम सरांनी बांधलेला होता: जो गेला त्याच्याच जागी नवा बसेल, बाकी कोणी वर सरकायचं नाही, खाली सरकायचं नाही. बाकीच्या चार जागांवर माणसं येत-जात राहिली. पहिला नंबर हत्तीवाल्यांचा, पहिल्या दिवसापासून. तो खरवडायची कोणाची छाती झाली नाही.

आणि मी? मी चहा सांगत होते. टपरीवाल्याला हाक मारायची, "तीन!" तीन पंचांचे तीन.

पण पाय माझा होता. गाणं लागलं की पायडलवरचा पाय त्याचं ऐकतो, इलाज नाही. बहुरूप्यांनी मला नुसतं पळवलं, टाके वाकडे. पेटीवाल्यांनी अशी गुंगी आणली की एका मास्तरीणबाईच्या ब्लाउजची डावी बाही मी उजवीकडे लावली. गिरणीवाल्यांनी दोन सुया मोडल्या. हत्तीवाले चांगले होते, खोटं बोलणार नाही, पण त्यांच्यासोबत चालायचं तर आपणही हत्ती पाहिजे. माझे होते ते चौकडीवाले. चौकडीचे शर्ट घालणारी चार माणसं, त्यात दोन सख्खे भाऊ. साधं, सरळ गाणं, वाजायला लागलं की अडीच मिनिटांत गुंडाळून मोकळं. त्यांच्या तालावर मी गळ्याची गोलाई एका दमात मारायचे आणि धागा तुटायचा नाही. दिवसभर कामाला जुंपलेल्या माणसासोबत जो चालतो तो मोठा. अंगात आल्यासारखं करणं सोपं असतं हो. रोज, तेवढ्याच जोरात, न थकता वाजवून दाखवा म्हणावं!

हे मी एकदा बोलून दाखवलं. सरांनी चष्मा पुसला.

"ताई, तीन सुरांत गाणं संपतं त्यांचं. ते बँड नव्हे, भजनी मंडळ आहे."

"भजनी मंडळ पहाटेपर्यंत टिकते सर. तुमचे हत्ती टिकतील काय?"

भाऊजी फिदीफिदी हसले. मग सर म्हणाले, "बरं, तुमची हौस म्हणून लिहून टाका." माझ्या हातात कापडावर खुणा करायचा खडू होता. यादीच्या खाली, पाचव्या नंबरच्याही खाली, मी खडूनं लिहिलं, चौकडीवाले. संध्याकाळी दार लोटताना कोणाच्या तरी बाहीनं पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी मी परत लिहिलं. मग दर वर्षी करीला लिहायचे आणि दिवस मावळायच्या आत ते पुसलं जायचं. रंग पाहिजे म्हटलं की उत्तर ठरलेलं, "रंग पंचांचा आहे वहिनी, काहून जीव लावून राह्यल्या?"

काहून म्हणजे काय? वीस-बावीस वर्षं मी तेच ऐकलं जे तुम्ही ऐकलं. तुम्ही संध्याकाळचे दोन तास, मी दिवसभर. मला राग यायचा. घरी जाऊन भाकरी थापताना परातीवर निघायचा.

गेल्या हिवाळ्यात कंपाउंडर मुलाकडे नागपूरला राहायला गेले. पंच उरले दोन. सर टपरीवाल्याला स्वतःच सांगायला लागले, "आता दोनच आण रे." मी तिथेच बसले होते, सुईत धागा ओवत.

दोघांचं एकमत होणं शक्य नव्हतं. तिसरा पंच पाहिजे होता. सरांच्या मनात केळापूरकडचा त्यांचा एक भाचा होता, ज्यानं ट्रंकेतली एकही कॅसेट ऐकलेली नव्हती. ते कळलं आणि मी कात्री खाली ठेवली.

"तिसरी मी."

भाऊजी माझ्याकडे बघायच्या ऐवजी सरांकडे बघायला लागले.

"ताई, यात अभ्यास लागतो," सर म्हणाले.

"घ्या मंग परीक्षा! शाळेत पोरायची घेत होते ना?"

आता एक गोष्ट कबूल करते. उन्हाळ्यात, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझी मुलगी पुण्याहून आली होती. मी आमरस करताना गुणगुणत होते, तिनं फोनवर तेच गाणं शोधलं आणि म्हणाली, "आई, हे तर लंडनचे आहेत." मी तिला चार वेळा बघायला लावलं. हत्तीवाले अमेरिकेचे नव्हतेच! बिचाऱ्या सरांना हे कळलं तर काय वाटेल, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार इतका चांगला नव्हता. मी ते आखाजीपासून पोळ्यापर्यंत पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही.

कर उजाडली. पोरं मारबतीला हाका मारत रस्त्यानं गेली. तिघांचे फोन गल्ल्यात बंद, हा जुना नियम, पंचायतीत सरांच्या शब्दावर दुसरा शब्द नको म्हणून. सरांनी जुना टेप काढला. म्हणाले, तीन गाणी लावीन, थोडी थोडी. प्रत्येकाचं नाव, काळ आणि अमेरिकेतलं गाव सांगायचं. एक चुकलं तर विषय संपला.

मी मशीनला कापड न लावता पाय पायडलवर ठेवला.

पहिलं गाणं. पाय जड झाला, डोळ्यांवर झापड आली. "पेटीवाले. साठचं दशक." "गाव?" सरांनी विचारलं. "लॉस एंजेलिस."

दुसरं. पाय आपोआप आखडला, सुया आठवल्या. "गिरणीवाले. ऐंशीचं दशक." "गाव?" "तेही लॉस एंजेलिसचेच."

भाऊजी टाळी वाजवणार होते, सरांनी हातानं थांबवलं आणि तिसरं लावलं. कपाटाच्या काचा हलल्या. अर्ध्या सेकंदात कोणीही ओळखलं असतं.

"हत्तीवाले. सत्तरचं दशक."

"बरोबर," सर म्हणाले आणि टेप बंद करायला वाकले. "झालं. पास झालात."

मी थांबले. काहीतरी राहिलं होतं. पहिल्या दोन्ही वेळी त्यांनी खड्या आवाजात विचारलं होतं, "गाव?" या वेळी विचारलं नाही.

"सर, गाव विचारलं नाही तुम्ही."

"राहू द्या. पास केलं ना."

"नाही, विचारा ना."

"ताई, चहा सांगा."

आणि मग मला समजलं. बिचारे सर! मी चार महिने ज्या माणसाची कीव करत होते त्याला सगळं माहीत होतं.

"विचारा सर!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "नाही तर मीच सांगते. लंडनचे हाय ते. आन् तुमाले हे ठाऊक होतं!"

भाऊजी सरांकडे वळले. "सर?"

सरांनी कॅसेट बाहेर काढली, बोटानं तिची रीळ घट्ट केली. मग म्हणाले, "पत्रात होतं. मेहुण्यानं स्पष्ट लिहिलं होतं, हे आपले इंग्लंडचे, आवडले म्हणून पाठवतोय."

"म्हणजे पहिल्याच दिवसापासून?" भाऊजींनी विचारलं.

"आवडले होते रे मला," सर म्हणाले. "आणि यादी अमेरिकेची ठरली. मग काय करायचं होतं?"

"अहो, इतकी वर्षं भांडलो मी तुमच्याशी!" भाऊजी उभे राहिले. "माह्या स्वेटरवाल्यायले कधी वर येऊ नाही देल्लं तुम्ही!"

मला सरांची दया आली का? थोडीशी आली. आवडलेल्या माणसांना पहिल्या नंबरवर ठेवण्यासाठी तेही वीस-बावीस वर्षं एक खोटं सांभाळत बसले होते. पण दर वर्षी माझा खडू पुसला जायचा तेव्हा त्यांनी कधी कोणाला अडवलं नव्हतं. दया तेवढ्यावरच थांबली.

ब्लेड भाऊजींनी उचललं. लाल पापुद्रे जमिनीवर पडत राहिले. सर खुर्चीवरून उठले नाहीत. शेवटी दारातून ओरडायची वेळ आली तेव्हा भाऊजी ब्लेड पुसत बसले, म्हणून मीच ओरडले, "हत्तीवाल्यायले घेऊन जाय गे मारबत!" समोरच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस बाहेर आला आणि परत आत गेला.

वरची जागा रिकामी. पत्रा तेवढाच चकाकत होता.

"बरं वहिनी, तुमचे चौकडीवाले लिहून टाका," भाऊजी म्हणाले. "खडू हाय ना?"

"रंग."

"रंगाचा डबा आटला. उद्या आणतो."

"आज."

करीची सुट्टी, हार्डवेअर बंद. मी त्या दुकानदाराच्या घरी गेले, त्याच्या बायकोचे सगळे ब्लाउज माझ्या हातचे. लाल रंगाचा लहान डबा आणि एक ब्रश घेऊन परत आले तेव्हा दोघं तसेच बसले होते. मी स्टूल दाराशी ओढलं.

"असं करू," भाऊजी म्हणाले, "स्वेटरवाले दोनवरून एकवर घेऊ, बाकीचे एकेक वर चढवू, आणि तुमचे पाचवर. पहिल्यांदाच येऊन राह्यले ना ते."

मी सरांकडे पाहिलं. "सर, नियम काय आहे?"

सर टेपची वायर गुंडाळायला लागले.

"नियम तुमचाच हाय. सांगा त्यायले."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जो गेला त्याच्याच जागी नवा," ते म्हणाले. "कोणी सरकायचं नाही."

मी स्टुलावर चढले. ब्रश धरायची सवय नाही, 'ड'चं पोट खाली ओघळलं. सर उठले आणि म्हणाले, "द्या, माझं अक्षर बरं आहे." मी म्हटलं, "नको." मग त्यांनी स्टूल धरलं, कारण ते एका पायावर हलत होतं. वाकडंतिकडं, पण रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढं मोठं लिहिलं मी. चौकडीवाले. एक नंबर.

"पुढच्या वर्षी यांना उतरवू आम्ही," सर खालून म्हणाले.

"उतरवा ना. दोन मतं लागतील."

भाऊजींना चहाची तलफ आली होती. त्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पुढे केले, कोपरापर्यंत लाल.

सरच दारात गेले. मी लिहिलेलं नाव त्यांनी एकदा नीट वाचलं, मग टपरीकडे तोंड करून हाक मारली, "तीन आण रे."