कासव, आरसा आणि जोडीआत्या

आमच्या आत्याला अक्षरओळख नव्हती, पण लातुरात शिकायला आलेल्या कितीतरी भावी डॉक्टरांना तिने पत्त्यांत हरवलं होतं. पत्ते म्हणजे बदाम-चौकट नव्हे. राक्षस, पक्षी, किल्ले, विजा असलं काहीबाही छापलेले, बंद पाकिटातून विकत मिळणारे चकचकीत पत्ते. पाकिटात कोणतं पान निघेल ते नशीब. पोरं ती पानं जमवायची, एकमेकांत बदलायची आणि वीस-वीस पानं घेऊन लढायची. एकटं पान फारसं कामाचं नसे. दोन पानांची जोडी जुळली की समोरचा उताणा. आत्याला सगळ्या जोड्या पाठ, म्हणून पोरं तिला जोडीआत्या म्हणायची. अर्थात मागे. समोर म्हणण्याइतका जेवणाचा कंटाळा कुणालाच आलेला नव्हता.

आत्या मेस चालवायची. तेव्हा लातुरात प्रत्येक गल्लीत एक सर होते आणि त्या सरांमागे चार मेस होत्या. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे मोठे फोटो लागायचे आणि त्यातलं एकही पोरगं हसत नसायचं. नांदेड, कंधार, देगलूरहून आईबाप पोरं घेऊन यायचे आणि गिरणीत दळण ठेवावं तशी ठेवून जायचे. दोन वर्षांनी डॉक्टर तयार झाला की न्यायला येणार. आमच्याकडे चाळीस पोरं जेवायची. मी भाकऱ्या थापायचे आणि वाढायचे. तीन वर्षांत त्या चाळीस पोरांशी मी दोनच शब्द बोलले असेन. "वाढू?" आणि "संपलं."

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. आमचं गाव औसा तालुक्यात होतं. आदल्या दिवशी आत्याचं नवऱ्याशी भांडण झालं होतं, तेही आमटीत मीठ जास्त पडल्यावरून. ती रुसून दोन गल्ल्या ओलांडून माहेरी, म्हणजे आमच्या घरी आली, आणि इथेही रुसवा न सोडता अंगणात बाज टाकून झोपली. सोबतीला मला घेतलं. तिची दोन पोरं तिच्या मागोमाग आली होती. "बापाजवळ जा, तो एकटा हाय," म्हणून तिने त्यांना परत पाठवलं. सकाळी आमचं अंगण तेवढं उरलं होतं. आत्या याविषयी कधी बोलली नाही. मीही एवढंच लिहिते.

मग आम्ही दोघी पत्र्याच्या शेडात राहिलो. शेड तात्पुरतं आहे असं साहेब सांगून गेले होते. तात्पुरतं म्हणजे किती वर्षं, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. माझी शाळा तिथेच सुटली. पुढे आत्या मला घेऊन लातूरला आली आणि तिने चूल मांडली.

पत्ते आमच्या घरात आले ते देगलूरच्या एका पोरामुळे. तो डाव्या हातात पत्ते धरून जेवायचा. एकदा त्याने वरणाची वाटी पालथी केली आणि आत्या उठली.

"काय करायलास रे? जेवतोस का जुगार खेळतोस?"

"जुगार न्हाई आत्या, गेम हाय."

"जुगाराला इंग्रजीत गेम म्हणत असतील."

पत्ते जप्त झाले. पोरगं रडायला लागलं. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "चाचणीत नापास झाला तवा हसत हसत दोन डिश पोहे खाल्ले यानं. आन कागदाला रडतंय." मग हे रडण्यासारखं आहे तरी काय, ते बघायला म्हणून ती पत्ते घेऊन बसली. संध्याकाळी पोळ्या करपल्या. आठ दिवसांनी तिने पोराला पत्ते परत दिले आणि त्याच्याशीच खेळून त्यातले निम्मे पुन्हा जिंकून घेतले.

पानांवरचा मजकूर इंग्रजीत असायचा, तोही मुंगीच्या पायाएवढा बारीक. आत्याला मराठीही येत नव्हतं वाचायला. मला मराठी येत होतं, पण आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीत थांबले होते. त्यामुळे घरातलं एकूण शिक्षण इथे कमी पडलं. आत्याने त्यावर रीत काढली. नवीन पान आलं की ती एक पोरगा नांदेडचा, एक कंधारचा आणि एक देगलूरचा अशी तीन पोरं निवडायची. तिघांना वेगवेगळं बोलवायचं, वेगवेगळं विचारायचं. तिघांचं एकच आलं तर ते खरं. एकाचं वेगळं आलं तर तिघांनाही दोन दिवस बिनफोडणीचं वरण. तिच्या या कारभारात दया नव्हती, पण पोरांचं इंग्रजी सुधारलं.

हरलेलं पान बाजूला एका ढिगात टाकतात. पोरं त्या ढिगाला स्मशान म्हणायची. आत्याने तो शब्द पहिल्याच दिवशी बंद केला. "शेड म्हणायचं. मेलं न्हाई कुणी. शेडात गेलेत." पोरांना हे काही कळलं नाही, पण वरण फोडणीचं हवं होतं, म्हणून म्हणू लागली. पुढे पुढे आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या मेसमधली पोरंही "तुझा राक्षस शेडात गेला" असं म्हणू लागली. तिथल्या एकालाही पत्र्याचं शेड आतून कसं असतं ते माहीत नव्हतं.

तिची लाडकी जोडी कासव आणि आरसा. कासव कुणाला मारत नाही, नुसतं बसून राहतं. आरसा पाठीशी लावला की कासवावर टाकलेला घाव टाकणाऱ्यावरच उलटतो. आत्या कासव मांडायची, आरसा लावायची आणि सुपारी कातरत बसायची. समोरचा हुशार पोरगा जोर करकरून स्वतःलाच मारून घ्यायचा. ही जोडी ती पत्त्यांबाहेरही वापरायची. एकदा घरमालक पोरांच्या गोंगाटावरून भांडायला आला. आत्या अर्धा तास काही बोलली नाही. तो थकल्यावर म्हणाली, "मालक, तुमच्या आईच्या दारात येऊन असं कोण बोललं असतं, तर तुमी काय केलं असतं?" मालक दोन दिवसांनी गळका पत्रा बदलून देऊन गेला. आत्या मला म्हणाली, "बघ, एक पान मी, एक त्याची आई."

एक जोडी मात्र ती कधी खेळली नाही, आणि पोरांच्या मते तीच सगळ्यांत भारी होती. विहीर आणि काळा पक्षी. विहिरीचं पान मांडायचं, आपलीच तीन चांगली पानं आपल्या हाताने शेडात घालायची, मग पक्ष्याचं पान टाकायचं, की डोंगर उभा राहतो. डोंगरापुढे काही टिकत नाही, आरसाही नाही. आत्याने ही दोन्ही पानं एका टॉपरकडून जिंकली होती. त्यांचा मजकूरही रीतसर तीन पोरांकडून वाचून घेतला. तिघांनी एकच सांगितलं. त्यात घातलेली तीन पानं परत येत नाहीत. आत्याने ती पत्ते ठेवायच्या चहाच्या डब्यात तळाशी घातली. त्यांच्यावाचून ती कितीतरी डाव हरली. पोरं कळवळून म्हणायची, "आत्या, विहीर टाका की." ती म्हणायची, "आपल्या हातानं आपली न्हाई घालायची. हरले तर हरले."

एवढं सगळं जुळवणाऱ्या बाईला माझी जोडी काही जुळवता येईना. स्थळं येत होती. उदगीरचं आलं, त्या घरात दोघे वकील. "जेवायला मागितलं तर पुढची तारीख देतील." अहमदपूरचं आलं, मुलाला चष्मा. "आताच दिसंना, पुढं काय दिसंल." नांदेडच्या मुलात काहीच खोट सापडली नाही, तेव्हा ती म्हणाली, "खोटच न्हाई म्हंजे लपवलेली हाय." मी ऐकत भाकऱ्या थापायचे. लोक म्हणायचे, आत्याचं भाचीवर केवढं प्रेम, हलकं स्थळ करत नाही. लोकांना प्रेम लांबून लवकर दिसतं.

मग दत्ता आले. ते निलंग्याच्या एसटी डेपोत फिटर होते. त्यांचा धाकटा भाऊ आमच्याकडे जेवायचा, म्हणून महिन्यातून एकदा यायचे. चाळीस पोरं ताटं तिथेच सोडून उठायची. हे एकटे आपलं ताट मोरीवर नेऊन, घासून, पालथं घालून ठेवायचे. त्या पालथ्या ताटाकडे मी बघायचे, आणि मी बघते हे आत्या बघायची. त्यांनी मागणी घातली तेव्हा आत्या म्हणाली, "हाताला ऑइलचा वास येतोय." पुढच्या महिन्यात ते साबणाने हात खरडून आले. "साबण लई उग्र हाय." तिसऱ्यांदा तिने त्यांना पत्ते खेळायला बसवलं. त्यांनी कासवावर सरळ राक्षस घातला आणि तीन मिनिटांत हरले.

"ह्यांना खेळता येत न्हाई. संसार काय करणार?"

"हाव, आत्याबाई," दत्ता म्हणाले, "शिकतो की."

"आन निलंगा लांब हाय."

निलंगा एसटीने दीड तास. आत्या गप्प बसली. तिचं कासव झालं की पुढे कुणाचं काही चालत नसे. मला जायचं होतं. पण तिला तसं सांगायचं म्हणजे अंगणातल्या त्या बाजेवरून उठून जायचं. माझ्याने तोंड उघडवेना. दत्तांच्या घरच्यांनी निरोप पाठवला, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, हो किंवा नाही कळवा.

परीक्षा संपल्या, पोरं गावी गेली. आखाजीला चार दिवस होते. मेस रिकामी, चूल थंड आणि आत्याला खेळायला कुणी नाही. दुपारी तिने चहाचा डबा आणला.

"सुमे, ये. बस."

"मला न्हाई येत."

"तीन वर्सं पाठीमागं उभी राहून बघतीस. येतंय तुला."

मी डब्यातून वीस पानं निवडली. तळाची दोन काढली तेव्हा तिने बघितलं. तिने कासव मांडलं, आरसा लावला आणि सुपारी हातात घेतली. मी थोडा वेळ इकडची तिकडची पानं टाकली. मग विहीर मांडली.

तिचा अडकित्ता थांबला.

"तीन तुझीच घालावी लागतेत. ठावं हाय ना?"

"हाव."

"परत येत न्हाईत."

मी तीन पानं एकेक करून शेडात ठेवली. तिसरं वाकडं पडलं. मग मी बोलले. एका दमात एवढं मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

"शेडात गेलेलं मेलेलं नसतंय. तूच म्हणतीस. आन शेडातून आपण दोघी आलोच की भाइर."

पक्ष्याचं पान टाकलं. डोंगर उभा राहिला. कासव गेलं, आरसा गेला. आत्याने दोन्ही पानं उचलून सावकाश शेडात ठेवली, माझं वाकडं पडलेलं पान सरळ केलं आणि बराच वेळ त्या ढिगावर हात ठेवून बसली. मग अडकित्ता उचलला.

"निलंग्याला पहिली एसटी किती वाजता असती?"

आखाजीच्या आधी ती एकटी निलंग्याला जाऊन होकार देऊन आली. आल्यावर म्हणाली, "हरले म्हणून दिला. मनातनं न्हाई."

लग्नात तिने दत्तांच्या घरच्यांना इतकं टाकून बोलून घेतलं, की पुढे सासरी मला कुणी काही बोलायचं उरलं नाही. निघताना रडली नाही. एसटीत बसल्यावर खिडकीतून कासवाचं पान माझ्या हातात दिलं. आरसा स्वतःकडे ठेवला. "एकटं कुणाच्याच कामाचं न्हाई," म्हणाली. म्हणून मग दर महिन्याला ती आरसा कमरेच्या पिशवीत घालून निलंग्याला यायची, घरात सतरा ठिकाणी खोट काढायची आणि दत्तांशी एक डाव खेळायची. दत्ता दर वेळी हरायचे. शिकतो म्हणालेला माणूस वर्षानुवर्षं काहीच शिकला नाही. आत्या खूश होऊन जायची. ते मुद्दाम हरतात का, हे मी कधी विचारलं नाही.

आत्या गेली ती मेसमध्येच, दुपारची पंगत उठल्यावर. शेवटचं ताट वाढून झालं होतं. चहाचा डबा माझ्याकडे आला.

परवा माझ्या मुलीने तो फडताळातून काढला. ती आता चौथीत आहे. हल्ली इंग्रजी पहिलीपासून असतं. ती एकेक पान मोठ्याने वाचत होती, मी भाकरी थापत होते. विहिरीचं पान आलं. तीन पानं घालायची, पक्षी टाकायचा, डोंगर, सगळं बरोबर. पुढे ती अडखळली, पान डोळ्यांजवळ नेलं.

"आई, खाली अजून एक ओळ हाय. लई बारीक."

"काय हाय?"

"डोंगर उभा राहिला की दोन पाळ्या थांबायचं. मग ती तिन्ही पानं आपल्या हातात परत येतात."

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तेच आलं. चाळीस पोरं दर वर्षाला, सगळी डॉक्टर व्हायला निघालेली, आणि एकालाही शेवटची ओळ दिसली नाही. पहिल्याने अर्धं वाचून दुसऱ्याला सांगितलं असणार, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्यातले काही आता लातुरात दवाखाने काढून बसलेत. तपासायला जाताना मी जरा विचार करते.

भाकरी तव्यावर करपली. मी ते पान हातात घेऊन बघितलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मुलीचं खरं मानावं असं फार वाटलं. आत्या असती तर तिने आणखी दोघांना विचारलं असतं.