न विचारता केलेले भाषण

विमलताईंची आणि माझी ओळख नामांतराच्या चळवळीच्या दिवसांत झाली. औरंगाबादच्या एका सभेत मी तासभर गर्जना करून खाली उतरलो. ताई म्हणाल्या, "छान बोललात. आता एकदा वस्तीत या, ऐकायला." मला ते लागले, तरी गेलो.

त्यांच्या संस्थेत अध्यक्ष नव्हता. दर महिन्याची बैठक वस्तीतला एक तरुण किंवा तरुणी चालवी, आणि संस्था उभी करणाऱ्या ताई बोलण्यासाठी इतरांसारखाच हात वर करीत. एकदा अठरा वर्षांच्या कौसर यांनी त्यांना थांबवले, "ताई, तुमचं झालं. आता गयाबाईंना बोलू द्या." ताई लगेच खाली बसल्या. मी मनात हसलो होतो.

तेव्हा पैठण रस्त्यावर चितेगावकडे कारखाने उभे राहत होते. वस्तीतल्या बायकांना तिथे कसे वागवतात, याची पाहणी या मुलांनीच करायची ठरवली. प्रश्न त्यांचे, वह्या त्यांच्या. नियम एकच: मिळालेली माहिती आधी वस्तीत वाचायची आणि सांगणारीने हो म्हटल्यावरच बाहेर न्यायची.

कौसर यांची वही मी चाळायला म्हणून घेतली आणि त्याच संध्याकाळी सभेत वापरली. कारखान्यात मुकादमाने जात काढून गयाबाईंना पाण्याच्या माठाला हात लावू दिला नव्हता. ते मी त्यांच्या नावासकट सांगितले. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी गयाबाईंना कारखान्याच्या फाटकावरूनच परत पाठवले.

"अन्याय जगासमोर आणला, यात माझं चुकलं काय?" मी बैठकीत विचारले.

"सर, भाषण तुमचं झालं," कौसर म्हणाल्या, "काम गयाबाईंचं गेलं."

ताईंनी मला झोडपले नाही. "वही बाहेर जाताना मीही पाहत होते," एवढे सांगून त्यांनी अर्धा दोष स्वतःकडे घेतला आणि मला गयाबाईंकडे नेले. त्या दारात ज्वारी पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुमी लई चांगलं बोललात म्हणं. खोटं काय नाय त्यात. पण पोरीच्या बाळंतपणापर्यंत मला ते काम टिकवायचं व्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी माफी मागितली. त्यांनी ज्वारीतला खडा वेचून टाकला. माफ केले, असे म्हणाल्या नाहीत.

पुढे ताई कितीतरी दिवस गयाबाईंच्या कामासाठी कारखान्यांच्या दारात उभ्या राहिल्या. काम मिळाले तेव्हा मुलीचे बाळंतपण होऊन गेले होते. मी त्या काळातही सभा गाजवत होतो.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. संस्था कौसर आणि त्यांच्या मागून आलेली मुले मिळून चालवतात. गौरवसमितीने मला साऱ्या वस्तीच्या वतीने लिहायला सांगितले होते. ते मला जमणार नाही. तो अधिकार मी गयाबाईंच्या दारात गमावला. ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, ही इच्छा माझ्या एकट्याची समजावी.