दप्तरांना सीट

शहापूर-मुरबाडच्या शाळांत मी ‘चिडवू नका, छळू नका’ हे शिकवत फिरते. पत्रकं मीच लिहिते. कागदावर राग काढणं सोपं असतं.

मुरबाडच्या एका शाळेत सातवीच्या वर्गाने माझ्यामागून शपथ म्हटली. सगळ्यांत मोठा आवाज पहिल्या बाकावरच्या मुलीचा. त्या आठवड्यात माझा मुक्काम टोकावड्याला होता, म्हणून संध्याकाळी माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत मी आणि हीच मुलं.

त्यांच्याच वर्गातली, डोंगरावरच्या वाडीतली एक मुलगी शेवटी चढली. तशी रिकाम्या सीटांवर भराभर दप्तरं पडली.

“धरलीय.”

“इथं पन धरलीय गो. तू उभीच र्‍हा, हवा लागंल.”

सगळे हसले. पहिल्या बाकावरचीही. तिचं दप्तर खिडकीशी ऐसपैस बसलं होतं. कंडक्टर तिकिटं देत पुढे सरकला. त्याला हे रोजचंच.

माझं डोकं फिरलं. “लाज नाही वाटत? आजच शपथ घेतलीत ना? उचला ती दप्तरं!”

उचलली. पण ती बसेना. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “नको ना ताई. तुमी टोकावड्याला उतरनार. मना पुढं यांच्यासंगतीच जायाचं हाय.” मग आणखी हळू, “आई बोलते, येवढा तरास हाय तर सोड शाला.”

वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर हीच बस. एका मुलीचं शिक्षण एका सीटवर अडलेलं, आणि आम्ही शपथा वाटत फिरतोय!

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वर्गात गेले. पत्रकं पिशवीतच ठेवली. बसचं नाव काढलं नाही, तिचंही नाही. म्हटलं, “दप्तरं बाकांवर ठेवा आणि तुम्ही उभे राहा.” आणि गणिताच्या बाईंना तास सुरू करायला सांगितलं.

“अहो, शिक्षा कशाबद्दल?” बाई म्हणाल्या.

“मीही उभीच आहे, बाई.”

थोड्या वेळाने पाय बदलणं सुरू झालं. मागून कुणीतरी कुरकुरलं, “ताई, दप्तरं दमलीत काय?” एकजण हसायला लागला आणि मधेच थांबला. वाडीतली मुलगी मात्र ताठ उभी होती. तिला सवय होती. ते बघवत नव्हतं.

संध्याकाळी बसमध्ये पुन्हा दप्तरं पडली. पुन्हा “धरलीय”. फक्त पहिल्या बाकावरच्या मुलीने खिडकीबाहेर बघत आपलं दप्तर मांडीवर ओढून घेतलं. वाडीतली मुलगी त्या सीटकडे बघत राहिली. मग कडेला टेकली, पुढचा दांडा घट्ट धरून, कधीही उठावं लागेल अशी.

टोकावडं आलं. कंडक्टरने हाक मारली, “ओ ताई, उतरा की.”

“पुढचं तिकीट द्या,” मी म्हटलं.