दोनशे किलोमीटरचं कापड

पडदेताई,

तुझं दुसरं मशीन पोचवून परत आलेला टेम्पोवाला मला सांगत होता, की तू तिकडे नव्या शेजारणींना म्हणतेस, ‘गाडीबिडी काय, मला ती झेपणारच नव्हती.’ हे धादांत खोटं आहे. नम्रपणा वेगळा आणि खोटं वेगळं. एकतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं मी. चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच राहिलेलं मला खपत नाही. म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहून काढते. तुला ठाऊक असलेलंही लिहीन, कारण माणूस आपलंच सगळ्यात आधी विसरतं.

तू माझ्या खालच्या मजल्यावर राहायला आलीस तेव्हा चाळिशीची होतीस. पुढच्या खोलीत कापायचं लांब टेबल, खिडकीशी पायाचं मशीन, आणि पडद्यांच्या दांड्या ठेवायला जागा नाही म्हणून त्या पलंगाखाली. तू कूस बदललीस की दांड्या घरंगळायच्या आणि मला वर कळायचं की पडदेताईंना झोप नाही. गळ्यात टेप, अंबाड्यात पेन्सिल, खांद्यावर घडीची शिडी. लोकांच्या घरी जाऊन खिडकी स्वतः मोजल्याशिवाय तू कापडाला कात्री लावली नाहीस. म्हणायचीस, ‘गिऱ्हाइकानं सांगितलेलं माप आणि नवऱ्यानं सांगितलेली वेळ, दोन्ही धरून चालू नये.’

‘लग्न केलं नाहीस ते केलं नाहीस, वर नवऱ्यांचा अनुभव कुठून गं?’ मी विचारलं होतं.

‘गिऱ्हाइकांचे नवरे, बाई. शिडीवर उभं राहिलं की घरोघरचं दिसतं.’

आणि तुझा धाकटा भाऊ, छोटू. सत्तावन्न वर्षांचा, दाढी पांढरी, आणि डोकं सहा वर्षांच्या मुलाचं. आई होती तोवर तिनं सांभाळला, आई गेल्यावर तू. पण त्याला गाड्यांचं वेड. रस्त्यावर गाडी दिसली की तिच्यामागे चालू लागायचा. दुसऱ्यांदा पोलिसांनी आणून सोडला तेव्हा तू त्याला ब्याऐंशी किलोमीटरवरच्या त्या संस्थेत ठेवलंस. तिथे फाटक बंद असतं. ठेवून आलीस त्या दिवशी तू माझ्याकडे चहा घेतलास, बशी विसळून पालथी घातलीस आणि म्हणालीस, ‘जागा चांगली आहे, बाई. खिडक्या मोठ्या आहेत. पडदे मात्र आखूड.’

मग दर गुरुवारी तुझी बस. भेटीची वेळ दहा ते बारा. पहिली बस तिथे पोचणार अकरा वीसला. परतीची बाराला, ती चुकली तर पाचपर्यंत काही नाही. उरली चाळीस मिनिटं. त्यातही छोटूचा रुसवा. तू दिसलीस की तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, आठवडाभर कुठे होतीस म्हणून. तो रुसवा बरोबर अर्धा तास टिकायचा. तू बिस्किटाचा पुडा हातात धरून शेजारी बसायचीस. अर्ध्या तासानं तो वळायचा, तुझा टेप ओढून आपल्या गळ्यात घालायचा आणि विचारायचा, ‘पुढे बसू?’ गाडीत पुढच्या सीटवर बसायचं, एवढी एकच त्याची मागणी. तू म्हणायचीस, ‘बसशील.’ तेवढ्यात बसचा हॉर्न.

अकरा वर्षं, पडदेताई. मी हिशेबी बाई आहे, पण याचा गुणाकार मी कधी केला नाही.

टॅक्सी करून त्याला फिरव, असं मी सुचवलं होतं. तेव्हा तू ऑफिसातल्या पाटीवरचा नियम सांगितलास: बाहेर न्यायचं तर रक्ताच्या नातेवाइकानं, स्वतःच्या नावावरच्या गाडीतून, चारपर्यंत परत आणायचं. म्हणजे स्वतःची गाडी असेल तर दहाला फाटकात, साडेदहापर्यंत रुसवा, आणि पुढे साडेपाच तास. तू हे बोटांवर मोजून दाखवलंस आणि बोटं पुन्हा मिटायला विसरलीस.

एकसष्टाव्या वर्षी तू ड्रायव्हिंग शिकलीस. क्लचवर तुझा डावा पाय टिकेना; चाळीस वर्षं पायमशीन मारून गुडघा गेलेला. शिकवणारा म्हणाला, ‘मावशी, हे स्टिअरिंग आहे, मशीनचं चाक नाही, सारखं हात लावून थांबवायचं नसतं.’ तू म्हणालीस, ‘मग तुझी गाडी धागा तुटल्यासारखी का थांबते?’ शेवटी बिनक्लचच्या गाडीवर परवाना काढलास आणि ठरवलंस, घ्यायची तर इलेक्ट्रिक. क्लच नाही, गिअर नाही, धूर नाही. जुनी पेट्रोलची स्वस्तात मिळत होती, तीही बिनक्लचची. पण दुसऱ्याच्या मापाचं नको, म्हणालीस. पैसे होते, त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुझे पैसे, तुझी अक्कल.

शोरूमला मला घेऊन गेलीस. तिथला विक्रेता आधी फ्रिज विकायचा, त्यामुळे पहिल्यांदा दार उघडून आत किती जागा आहे तेच दाखवू लागला. सगळ्यात लहान, सगळ्यात साधं मॉडेल. तू गळ्यातला टेप काढलास आणि पुढची सीट मोजलीस. रुंदी, खोली, टेकायची उंची. तो बघतच राहिला.

‘ताई, सीट कव्हर कंपनी देते.’

‘कव्हर नको. माझा भाऊ मावतो का ते बघते.’

‘केवढे आहेत?’

‘सहा वर्षांचा,’ तू म्हणालीस, आणि हातानं त्याच्या खांद्यांची रुंदी दाखवलीस, दारापासून दारापर्यंत. बिचाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

चक्कर मारून आलीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला आहे. टेम्पोवाल्यानं नाही, तुझ्या शेजारणींनी नाही, मी. ‘बाई, आवाजच नाही हो. छोटू काही बोलला तर ऐकू येईल.’ झेपणार नव्हती म्हणे!

मग आकडे. कागदावर दोनशे तीस किलोमीटर लिहिलं होतं. विक्रेता प्रामाणिक निघाला, म्हणाला एका चार्जिंगमध्ये दोनशे धरा. वाटेत एकच चार्जर, पेट्रोलपंपावरचा, आणि त्याच्यावर कायम ‘बंद आहे’ची चिठ्ठी. संस्थेत प्लग वापरू देत नाहीत. म्हणजे घरून भरलं की घरीच परत. जाऊन-येऊन एकशे चौसष्ट. तू म्हणालीस, ‘थांबा, मी माझ्या पद्धतीनं बघते.’

तुझी पद्धत म्हणजे कापडाची. कापड आटतं, सरळ कापलं जात नाही, खिडकी कधीच काटकोनात नसते. म्हणून प्रत्येक पडद्याला वर दुमड आणि खाली दुमड. तू गाडीलाही तसंच केलंस. डोंगराचा चढ म्हणून दहा, रस्ता चुकला किंवा खोळंबा झाला म्हणून दहा. पाठकोऱ्या पावतीवर बेरीज करून वर आलीस. ‘दोनशे चार लागतात, बाई. आणि आहेत दोनशे. चार कमी.’

मी निघायच्या घाईत होते, बँकेत नाहीतर कुठेतरी. पावती घेतली, बेरीज पाहिली, बेरीज बरोबर होती. म्हटलं, ‘बरोबर आहे. वर्षभर थांब. पुढच्या मॉडेलला जास्त असेल.’

‘थांबते,’ तू म्हणालीस. शोरूममध्ये केलेलं बुकिंग रद्द केलंस. आणि गुरुवारी बसनं गेलीस.

त्यानंतर महिनाभर तू गाडीचं नाव काढलं नाहीस. फक्त एकदा खालच्या फाटकाशी कुणाची तरी तसलीच गाडी उभी होती, पांढरी. तू दांड्यांचा जुडगा खांद्यावर घेऊन तिच्याभोवती फिरलीस आणि पुढच्या काचेतून आत बघत उभी राहिलीस. रिक्षावाला ओरडत होता, ‘मावशी, यायचं ना?’ मी गॅलरीतून पाहत होते. तेव्हाच ती पावती परत मागायला हवी होती. पण मी कपडे वाळत घालत होते, आणि मला एका वेळी एकच काम जमतं असा माझा गर्व आहे.

मग तो दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा पडदा. मी सुई मागायला खाली आले होते. तू टेबलावर कापड पसरलं होतंस आणि तोंडात टाचण्या धरून पुटपुटत होतीस, ‘डाव्याला वर-खाली, उजव्याला वर-खाली.’

मी दारातच थांबले. ‘काय म्हणालीस?’

टाचण्या काढून तू म्हणालीस, ‘दोन पडदे, दोघांना आपापली दुमड. त्यात काय?’

‘गाडीचंही तसंच केलंस?’

‘मग? जायचा एक, यायचा एक.’

अगं माझे आई! ब्याऐंशी अधिक वीस, पुन्हा ब्याऐंशी अधिक वीस. तू जाण्याला वेगळी दुमड दिलीस आणि येण्याला वेगळी. पण रस्ता म्हणजे दोन पडदे नव्हेत, एकच सलग तागा आहे, त्याला दुमड एकदाच. एकशे चौसष्ट अधिक वीस, एकशे चौऱ्याऐंशी. सोळा उरतात! शिवाय येताना चढ कुठला, उतार; उताराला ही गाडी ब्रेकमधून थोडं चार्जिंग परत कमावते. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवलंय. ही असली चूक जगात फक्त पडदे शिवणारी बाई करू शकते, आणि ती न पकडण्याची चूक फक्त बेरीज तपासणारी मास्तरीण.

तू खाली बसलीस, कापडावरच. एवढं महागाचं कापड, त्यावर.

‘सोळा उरतात?’

‘सोळा.’

‘म्हणजे त्याला तळ्यापर्यंतही नेता येईल. तळं तीन किलोमीटरवर आहे, बाई. जाऊन-येऊन सहा.’ मग एकदम माझ्यावर उखडलीस. ‘आणि हे तुम्ही आत्ता सांगता? एवढं शिकून?’

मी म्हटलं, ‘शिकले म्हणूनच घाई होती.’ तू हसलीस. मला तेव्हा शिवी चालली असती.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, कागद सोडा. रविवारी सकाळी गाडी पूर्ण भरून तुमच्या दारात आणतो, दिवसभर घेऊन जा, प्रत्यक्ष बघा. फक्त परवाना असलेलं आणखी एक माणूस सोबत पाहिजे.’ ते माणूस मी. माझा परवाना तुझ्या मशीनइतका जुना. ट्रायलची गाडी तुझ्या नावावर नाही, म्हणजे छोटूला बाहेर नेता येणार नव्हतं. पण संस्थेचे मॅनेजर म्हणाले, फाटकाच्या आत अंगणात फेरी मारा, तेवढं चालेल. गुरुवारी तू छोटूला सांगून आलीस. त्या दिवशी म्हणे तो रुसलाच नाही. भिंतीकडे वळलासुद्धा नाही. ‘पुढे?’ विचारलंन. तू म्हणालीस, ‘रविवारी. पुढे.’

आणि शुक्रवारी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोन आला. पंचवीस वर्षांनी सगळे जमणार, रविवारी, बाईंचं कौतुक करायला. मी तुला म्हटलं, ‘एक रविवार पुढे ढकलू या.’

तू एवढंच म्हणालीस, ‘तुमचा मान आहे, बाई. जाऊन या.’

गेले. त्यांनी शाल दिली, भाषणं केली, बाईंच्या नजरेतून एक चूक सुटायची नाही, असं एकजण म्हणाला. मी टाळ्या ऐकून घेतल्या.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास छोटू फाटकाजवळच्या बाकावर चढला, रस्ता लांबवर दिसावा म्हणून. तिथून पडला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण आता तो पडूनच. पाठ टेकवून पंधरा मिनिटं बसवतात, तीही दोघांनी धरून. गाडीच्या सीटवर बसणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. मी वाट पाहत होते, तू बोलावंस म्हणून. तू संस्थेसमोरची खोली भाड्यानं घेतलीस, टेबल विकलंस, एक मशीन आधी नेलंस, एक मागाहून. आता तू त्याच्यापासून रस्त्याच्या रुंदीएवढी लांब आहेस, आणि टेम्पोवाला सांगतो की त्याच्या खिडकीला तू नवे पडदे लावलेस, दिवसभर बाजूला सारलेलेच असतात, रस्ता दिसावा म्हणून.

तर शेजारणींना खरं सांग. झेपत होती. चक्कर मारून आलीस तेव्हा विक्रेता मला बाजूला घेऊन म्हणाला होता, ‘या चालवतील हो, पुष्कळ चालवतील.’

इथे खालची खोली रिकामी आहे. रात्री दांड्या घरंगळत नाहीत. मला झोप लागते, आणि ती नको असते.

तू गेल्यानंतरच्या रविवारी सकाळी सातला फाटकाशी हॉर्न वाजला. रविवार पुढे ढकलला एवढंच विक्रेत्याला ठाऊक होतं, छोटूचं कुणी कळवलंच नव्हतं. तसलीच पांढरी गाडी पूर्ण भरून तो आला होता. मी खाली गेले. तू इथे नाहीस म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘मग तुम्ही या की घेऊन. ब्याऐंशीच तर आहे. मी येतो सोबत. त्यांच्या खिडकीसमोर उभी करू, भावाला दिसेल तरी.’ मला ते एकदम पटलं, आणि तितकीच भीती वाटली: ती दिसली आणि तो म्हणाला, ‘पुढे?’, तर तू त्याला काय सांगशील?

म्हटलं, ‘तिला विचारून सांगते.’

तो अजून दर आठवड्याला फोन करतो. मी अजून तुला विचारलेलं नाही.